एका फ्लॉपीत मावणारा ब्राउझर

नॉर्वेतल्या टेलिनॉर या दूरसंचार कंपनीत 1994 साली ऑपेरा या ब्राउझरचं काम सुरू झालं. यॉन फॉन टेट्झनर आणि गाइर इवारसॉय या दोघांनी पुढे स्वतंत्र कंपनी काढली आणि 1996 मध्ये ब्राउझर लोकांपुढे आला.

नेटस्केप हा प्रतिस्पर्धी ब्राउझर नवा संगणक मागायचा, तर ऑपेरा जुन्या 386 प्रोसेसरच्या संगणकावरही चालायचा.

1.44 एमबीच्या एकाच फ्लॉपीत तो मावे. एका मोठ्या खिडकीत अनेक पानं उघडत, मजकूर हवा तेवढा मोठा होई, माउसशिवाय सगळं कीबोर्डवर चाले. संथ मोडेमवर चित्रं बंद ठेवण्याची सोय तर वरदानच! फुकट मात्र नव्हता. पुढे तो जाहिरातींसह मोफत मिळू लागला आणि जाहिरातींशिवायचा मोफत ऑपेरा 2005 मध्ये आला.