ज्याची त्याची वाट, पण रोजची



कीर्तन संपतं, आरती होते, बुक्का लागतो, आणि मग कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "महाराज, ध्यानाला बसावंसं वाटतं. पण नेमकं कोणतं ध्यान करू?" एक सांगतो श्वास बघ, दुसरा सांगतो नाम घे, तिसरा म्हणतो ज्योतीकडे बघत बस. घरात चार पुस्तकं, मोबाईलवर दहा प्रवचनं. आणि या निवडीतच वर्षं निघून जातात. इंडिकेटर बघत आपण फलाटावर उभे, आणि गाडी गेली की हो!

दुसरा प्रश्न त्याहून जड आहे. आपलं शहाड म्हणजे कामकरी माणसांचं गाव. उल्हास नदीचा काठ, सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, आणि बिर्ला मंदिरात कटेवर हात ठेवून उभा असलेला विठोबा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला, पहाटे उठून डबे भरणाऱ्या माउलीला वाटतं, ध्यान, आत्मज्ञान हे काही आपलं काम नव्हे. ते गुहेत बसणाऱ्यांचं. आज या दोन्ही प्रश्नांचा विचार करू.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघा. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला पहिली गोष्ट सांगतात, मन आणि बुद्धी माझ्या ठिकाणी ठेव. जमत नसेल तर? तर अभ्यास कर, थोडा थोडा. तोही होत नसेल तर? तर कर्म माझ्यासाठी कर. तेही नाही जमत? मग निदान कर्माच्या फळाची आशा सोड. म्हणजे देवानं एकच दार ठेवून बाकीच्यांना बाहेर उभं केलं नाही. ज्याची जेवढी उंची, तेवढी पायरी दिली. पतंजलींनीही योगसूत्रांत मन स्थिर करायचे अनेक उपाय सांगितले आणि शेवटी मोकळीक दिली, की जे तुला प्रिय वाटतं त्याचं ध्यान कर. माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तीही या सगळ्या पायऱ्या साध्या माणसाला मराठीत कळाव्यात म्हणून.

आता याचं एक जवळचं उदाहरण देतो. ते काही पुराणातलं नाही, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलं आहे.

सांगली जिल्ह्याच्या सीमेवर, जत तालुक्यात उमदी गाव आहे. तिथले भाऊसाहेब महाराज. त्यांचं स्थान पलीकडे विजापूरकडच्या इंचगिरीला, म्हणून संप्रदायाचं नाव इंचगिरी. त्यांची शिकवण एकच : गुरूनं दिलेलं नाम घेऊन ध्यानाला बसा, रोज बसा, नेमानं बसा. या वाटेला म्हणतात पिपीलिका मार्ग. पिपीलिका म्हणजे मुंगी. मुंगी झाडावर चढते, हळूहळू चढते, पण फळापर्यंत पोचते.

त्यांचे एक शिष्य गुरुदेव रानडे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एवढी विद्वत्ता, पण गुरूंनी दिलेलं नाम काही सोडलं नाही. पुढे निंबाळला राहिले, तिथेही तेच नाम, तेच ध्यान. मुंगीची वाट शेवटपर्यंत धरली.

दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, सोलापूरकडचे. भाऊसाहेब महाराजांनी १९१४ साली देह ठेवला. सिद्धरामेश्वरांनी पुष्कळ ध्यान केलं आणि मग त्यांची वाट वळली. मी कोण, याच विचारानं अज्ञान सरळ कापायचं. याला म्हणतात विहंगम मार्ग. विहंगम म्हणजे पक्षी. पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर उडत जातो. गुरू एक, नाम एक, आणि दोघा शिष्यांच्या चाली दोन! पण एक लक्षात ठेवा, पंख फुटण्याआधी हा पक्षीसुद्धा मुंगीसारखाच चालला होता.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्या मुंबईचं. मारुती कांबळी नावाचे गृहस्थ. बालपण कोकणात कांदळगावला, पोटासाठी मुंबईत आले, खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवायचे. बायको, मुलं, गिऱ्हाईक, सगळा प्रपंच. १९३३ साली एका मित्रानं त्यांना सिद्धरामेश्वरांकडे नेलं. गुरूंनी सांगितलं, 'मी आहे' ही जी जाणीव आहे ना, तिथेच लक्ष ठेव. बस, एवढंच. त्यांनी विश्वास ठेवला आणि रिकामा वेळ मिळेल तसा तिथेच लक्ष ठेवत गेले. अवघ्या तीन वर्षांत, १९३६ मध्ये, गुरू गेले. पुढे एकदा घरदार सोडून तीर्थाटनालाही निघाले, पण परत आले, त्याच घरात राहिले. हेच निसर्गदत्त महाराज. मॉरिस फ्रिडमन यांनी त्यांचे संवाद १९७३ साली इंग्रजीत पुस्तकरूपानं आणले, तेव्हा परदेशातून माणसं खेतवाडीच्या माळ्यावर येऊन बसू लागली. १९८१ साली देह ठेवला तो मुंबईतच.

आता तिघांत सारखं काय ते बघा. एक प्राध्यापक, एक विचारानं वाट कापणारे, एक दुकानदार. पद्धत सारखी नाही, स्वभाव सारखा नाही, शिक्षण तर मुळीच नाही. सारखं एकच : जे धरलं ते मुरेपर्यंत धरलं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की वाट तुमच्या स्वभावानं निवडा, पण निवडल्यावर रोज चाला. एका ठिकाणी शंभर हात खणलं तर पाणी लागेल. दहा ठिकाणी दहा-दहा हात खणलं तर नुसते खड्डे. आपलीच कसारा लोकल धरून शेवटपर्यंत गेलात आणि घाट चढलात, की इगतपुरीला धम्मगिरी लागते. गोएंका गुरुजींचं विपश्यना केंद्र, १९७६ पासूनचं. दहा दिवस मौन. तिथेही सांगतात, की या दहा दिवसांत दुसरी साधना यात मिसळू नका. का? औषध एक घेतलं तर त्याचा गुण कळतो. चार एकदम घेतली तर कशानं बरं वाटलं ते कळणार कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर विड्यांच्या दुकानात मिळालंच. गुहा लागत नाही. मग लागतं काय?

एक जागा ठरवा, घोंगडीएवढी पुरे. एक वेळ ठरवा. पाळी बदलणाऱ्यानं घड्याळ धरू नये. 'आंघोळीनंतर' किंवा 'झोपण्याआधी' असं धरावं, म्हणजे पाळी बदलली तरी नेम मोडत नाही. पंधरा मिनिटं बसा. नाम आवडतं तर नाम घ्या, रूप आवडतं तर विठोबाचे पाय डोळ्यांपुढे आणा, दोन्ही नाही तर येणारा-जाणारा श्वास बघा. मन पळेल. पळू द्या, पण परत आणा. शंभरदा पळालं तर शंभरदा आणा. ते परत आणणं हाच अभ्यास! अर्जुनासारखा वीर म्हणाला, मन आवरणं वारा धरण्याइतकं अवघड आहे. देवानं त्याला रागावलं नाही. म्हणाले, खरं आहे, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं जमतं. आणि हट्टानं उपास, जागरणं करू नका. अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग नाही, हे सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. ध्यानानं झोप उडू लागली, भीती वाटू लागली, तर थांबा. जाणत्याला विचारा, डॉक्टरांनाही दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आता शेवटची गोष्ट. वाट बरोबर आहे हे ओळखायचं कसं? ध्यानात उजेड दिसला, नाद ऐकू आला, म्हणजे झालं का? तेरला गोरोबाकाकांकडे संत जमले होते, ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. मुक्ताईनं विचारलं, यातलं मडकं कच्चं कोणतं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत. नामदेवराय तेवढे रागावले. साक्षात पांडुरंग ज्यांच्याशी बोलायचा, ते कच्चे ठरले! मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, आणि देव एका देवळापुरता नाही हे तिथे उमगलं.

तेव्हा आपली परीक्षा आसनावर होत नाही. ती गर्दीत पायावर पाय पडल्यावर होते, सासू-सून एका स्वयंपाकघरात असताना होते, साहेब चार माणसांत बोलला की होते. तिथे राग कालच्यापेक्षा लवकर ओसरला, समोरच्या माणसात थोडा विठोबा दिसला, तर समजा वाट बरोबर आहे. नाही दिसला? तर वाट बदलू नका, उद्या पुन्हा बसा. मडकं एका दिवसात भाजत नाही.

उद्या म्हणजे उद्याच हं, एकादशीची वाट बघू नका.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!