हजारातल्या एकापलीकडे

1961 मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटनमधली आकडेवारी जुळवून एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घेतली, तर महिन्याभरात त्यातल्या सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणं होतं. डॉक्टरकडे जातात 250. रुग्णालयात दाखल होतात 9, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो जेमतेम एक. डॉक्टर मात्र घडतात त्या एकाच्या खाटेशी! उरलेल्या 249 जणांना तपासायला कुठे शिकायचं, हा फॅमिली मेडिसिनच्या प्रशिक्षणाचा मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेनं 1969 मध्ये फॅमिली प्रॅक्टिसला विसावी विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. या शाखेच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीतली मोलाची गोष्ट म्हणजे क्लिनिक. पोस्टिंग सर्जरीचं असो की बालरोगाचं, रेसिडेंटला आपल्या नावावर नोंदलेल्या रुग्णांसाठी ठरलेल्या वेळी तिथे बसावंच लागतं. पहिल्या वर्षी जिची प्रसूती केली, तिचं मूल तिसऱ्या वर्षी खोकला घेऊन त्याच्याचकडे येऊ शकतं.

ब्रिटनमध्ये भर आहे संभाषणावर. रुग्णाच्या परवानगीनं तपासणीचं चित्रीकरण होतं आणि प्रशिक्षक व शिकाऊ डॉक्टर ते शेजारी बसून पाहतात. खोकल्याचं औषध घेऊन उठलेला माणूस दाराशी थबकतो आणि म्हणतो, ‘आलोच आहे तर विचारतो, जिना चढताना छातीत जरा जड वाटतं.’ प्रशिक्षक चित्रफीत मागे नेतो. हे आधी कळण्याजोगं होतं का? रुग्ण बोलता बोलता अडखळला, तेव्हा डॉक्टरची नजर कुठे होती? बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 मध्ये अमेरिकेत मोजलं, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडत होते. ऐकून घेणं हे कसब आहे आणि ते टाके घालण्याइतकंच हात धरून शिकवावं लागतं.

आपल्याकडे 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं फॅमिली मेडिसिनमधल्या तज्ज्ञांची उणीव स्पष्टपणे नोंदवली. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम आहे, काही संस्थांत एमडीही आहे. पण त्यातला मोठा काळ मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग अशा वॉर्डांच्या फेऱ्यांत जातो. रुग्णाला डिस्चार्ज मिळाला की रेसिडेंटचा त्याच्याशी संबंध संपतो. इन्सुलिन सुरू केलेल्या बाईच्या घरी फ्रीज आहे का, सुई तिला कोण टोचतं, हे त्याला कळतच नाही.

रुग्णाच्या घरापर्यंत जाण्याची वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. 1969 मध्येच सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी तिथे शिबिरात राहतात, वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं 1982 मध्ये शहरातल्या गरिबांसाठी कमी खर्चातल्या उपचारांचं वेगळं केंद्र उभारलं. 2020 च्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. नियम चांगला आहे, पण मुदत फार तोकडी. तेवढ्यात मधुमेह्याच्या सरासरी साखरेचा (एचबीएवनसीचा) आकडा जेमतेम एकदा हललेला दिसतो.

त्याऐवजी मुंबईतल्या ‘आपला दवाखाना’सारख्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटला तिन्ही वर्षं आठवड्यातून एक दिवस नेमता येईल. त्याच वस्तीतली ठरावीक कुटुंबं त्याच्या नावावर असावीत, आणि शेजारच्या खुर्चीवर अनुभवी जनरल प्रॅक्टिशनर मानधन घेऊन शिकवायला बसलेला असावा.