टाचेखालचं लॉक

आरंगच्या अलीकडे महामार्ग सोडला की धानाच्या शेतांतून एक गाडीवाट महानदीकडे जाते. गेल्या ऑक्टोबरात तिथून फोन आला. नवी गाडी फसली आहे, फोर-बाय-फोर आहे, तरी जागची हलत नाही. माझं वर्कशॉप रायपुरात टाटीबंधला आहे. गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, एक्सल हे आमचं रोजचं काम. साखळी आणि जॅक टाकून आम्ही तासाभरात पोहोचलो.

मालक तिशीतला मुलगा, चौबे कॉलनीतल्या मराठी घरातला. गाडी धुऱ्यावर तिरपी चढली होती. पुढचं डावं चाक अधांतरी, मागचं उजवं कन्हारात. कन्हार म्हणजे काळी चिकट माती. इथला शेतकरी जमिनीला मटासी, डोरसा, कन्हार, भाठा अशा नावांनी ओळखतो आणि पाऊस पडून गेल्यावर कुठे गाडी घालायची नाही, ते त्याला नावावरूनच कळतं. मुलानं रेस दिली. मागचं उजवं चाक गरगर फिरलं, चिखल माझ्या छातीपर्यंत उडाला. मी वाकून दुसऱ्या बाजूला पाहिलं. मागचं डावं चाक कोरड्या मुरमावर, चांगल्या पकडीच्या जागी उभं होतं आणि तसूभरही फिरत नव्हतं. त्याच्या खाचेत अडकलेलं धानाचं पातंसुद्धा हललं नाही.

"काका, चारही चाकांना पॉवर असते ना हिच्या?" त्यानं विचारलं.

एवढ्यात शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला. चालकानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "एके ठन चक्का ह फोकट म घूमत हे, भइया." म्हणजे, एकच चाक फुकट फिरतंय. साखळी लावली. ओढताना त्याच्याही ट्रॅक्टरचं एक मागचं चाक घसरायला लागलं. त्यानं क्लच दाबला, चाक थांबू दिलं, उजव्या टाचेनं खालचं पेडल दाबून धरलं आणि क्लच हळूच सोडला. आता दोन्ही मोठी चाकं एकाच तालात फिरली आणि गाडी धुऱ्यावरून खाली आली. टाचेखालचं ते पेडल म्हणजे डिफरन्शियल लॉक. धानाच्या चिखलणीत ते रोज लागतं. लाखो रुपयांच्या गाडीच्या मालकाला जे माहीत नसतं, ते या माणसाच्या टाचेला माहीत आहे.

डिफरन्शियल मुळात हवं कशाला? रायपूरच्या जयस्तंभ चौकाला गाडीनं एक पूर्ण फेरी मारली, असं धरा. डाव्या-उजव्या चाकांत अंतर दीड मीटर असेल, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर जास्त चालतं. चौक लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली, तर वळताना एक घासत जाणार, टायर झिजणार, एक्सल पिळला जाणार. म्हणून दोघांच्या मध्ये छोट्या गिअरांची अशी जुळणी बसवतात, की जोर दोघांना मिळतो पण फिरायची मोकळीक ज्याची त्याला राहते. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनं 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी ती शोधली. आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारी तिच्या जिवावर वळतात.

गोम अशी, की साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. चिखलातलं चाक दहा किलोच्या जोराला घसरत असेल, तर मुरमावरच्या चाकालाही दहाच किलो मिळतात. रेस वाढवली तर चिखलातलं चाक आणखी वेगानं फिरतं, एवढंच. म्हणजे गाडीला पुढे न्यायचं की नाही, हे सगळ्यात कमी पकडीचं चाक ठरवतं.

फोर-बाय-फोरचा लिव्हर ओढला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जोडते. थारसारख्या गाड्यांत तरी असंच असतं. पण पुढे एक डिफरन्शियल आहे, मागे एक आहे, आणि प्रत्येकाचा स्वभाव तोच. तिरकस समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं, पुढचं डावं आणि मागचं उजवं, एकदम अधांतरी किंवा चिखलात गेली, की उरलेल्या दोघांना फारसं काही मिळत नाही. आरंगला हेच झालं होतं.

लॉक म्हणजे त्या छोट्या गिअरांची मोकळीक काढून घेणं. मग एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला हवा तेवढा जोर जातो. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा पीथमपूरला बनते. तिच्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना चालकानं स्वतः लावायचं लॉक आहे. नाशिकला बनणाऱ्या थारच्या काही मॉडेलांत ते मागेच असतं आणि आपोआप लागतं. दोन चाकांच्या गतीत ठराविक फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि खटकन् लॉक होतं. भारतात 2023 मध्ये आलेल्या जिम्नीत असं लॉकच नाही. तिथे कॉम्प्युटर घसरत्या चाकाला ब्रेक लावतो, म्हणजे त्याला फिरवायला जास्त जोर लागतो आणि तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही मिळतो. ही युक्ती ट्रॅक्टरवाल्यांची जुनीच आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या बाजूचा ब्रेक हलका दाबला की दुसरी बाजू ओढू लागते. साध्या गाडीतही डाव्या पायानं ब्रेक जरासा दाबून बेतानं रेस दिली, तर कधी कधी गाडी निघते. रेस मात्र बेतानंच, नाहीतर एक्सल तुटतो. तुटलेले एक्सल मी पुष्कळ पाहिलेत.

गाडी घेताना लोक लॉकबद्दल विचारतात ते "आहे का?" एवढंच. कधी लावायचं नाही, हे कोणी विचारत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते. डांबरी रस्त्यावर लॉक लावून वळलं तर गाडी वळायला तयारच होत नाही, सरळ जाऊ पाहते. पुढचं लॉक असेल तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. लॉक नसलं तरी, नुसता फोर-बाय-फोरचा 'फोर-हाय' डांबरावर ठेवला तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळत राहतात. गाडी ब्रेक धरल्यासारखी वाटते आणि शेवटी ट्रान्सफर केसची दुरुस्ती घेऊन आमच्याकडे येते.

आडवा उतार त्याहून वाईट. एकदा ओल्या मुरमाच्या आडव्या उतारावर मी मागचं लॉक लावून गेलो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरतं तेव्हा दुसरं न घसरता जमीन धरून गाडीला बाजूला जाऊ देत नाही. लॉकमध्ये दोन्ही एकदम घसरली. गाडीची मागची बाजू शांतपणे, काही आवाज न करता, नाल्याच्या दिशेनं सरकली. पळसाच्या एका बुंध्यानं ती अडवली. तेव्हापासून आडव्या उतारावर मी आधी लॉक काढतो आणि मग गिअर टाकतो.

आणि लॉक पकड निर्माण करत नाही. आहे तिथे ती वापरता येते, इतकंच. राजिमच्या वाळूत चारही चाकं रुतली, तर लॉकनं त्यांना सारख्याच खोल खड्ड्यात नेलेलं मी पाहिलंय. तिथे टायरची हवा 30-32 वरून 18-20 वर आणली की गाडी जास्त सहज निघते. डांबरावर परत यायच्या आधी हवा भरून घ्यायची.

पुढच्या रविवारी तो मुलगा गाडी घेऊन वर्कशॉपवर आला. आम्ही मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, न्यूट्रल केली, पुढच्या चाकांना अडसर लावला. मी त्याला उजवं चाक हातानं फिरवायला सांगितलं. त्यानं पुढे फिरवलं तर पलीकडचं डावं उलटं फिरायला लागलं. प्रॉपेलर शाफ्ट जागेवरच होता. तो खाली वाकला आणि चार-पाच वेळा फिरवून बघत राहिला. मग मी डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट काढला. तेल मधासारखं यायला हवं होतं, ते दुधाळ आलं.

"नाल्यातून नेली होतीस?"

"आरंगच्या आधी, एकदा. चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं, काका."

गरम हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते. ती जागा भरायला वरच्या ब्रीदरमधून बाहेरची हवा आत यावी लागते. मी बोट लावून पाहिलं तर ब्रीदरचं तोंड वाळलेल्या कन्हारानं बुजलेलं, त्यामुळे पाणी सीलमधून ओढलं गेलं होतं. बारीक तारेनं ते साफ केलं, फुंकर मारून हवा जाते का ते बघितलं, आणि नव्या तेलाचा डबा उघडला.