फ्लश दाबल्यावर पुढे काय? मुंबईच्या मैलापाण्याची गोष्ट

जेवता जेवता ऐकणाऱ्यांनी आज हवं तर पॉज करा, विषय तसाच आहे. फ्लश दाबला की पाणी जातं कुठे?

मुंबई घेऊ. वरळी आणि वांद्र्याला वर्षानुवर्षं पद्धत साधी: जाळीत प्लास्टिक-चिंध्या अडवायच्या, रेती खाली बसू द्यायची आणि उरलेलं पाणी बोगद्यातून तीन किलोमीटरहून जास्त आत समुद्रात सोडायचं. म्हणजे खरी सफाई समुद्राच्या गळ्यात! आता पालिका सात नवी केंद्रं उभारतेय, मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटरची. त्यातलं एकट्या वरळीचं ५००. तिथले खरे कामगार म्हणजे बॅक्टेरिया. टाकीत हवा सोडली की ते घाण खातात, वाढतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. वर नितळ पाणी.

पण नितळ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही. त्यासाठी बीओडी मोजतात. पाण्याची बाटली बंद करून २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची. जंतूंनी घाण खाताना किती ऑक्सिजन वापरला, तो आकडा म्हणजे बीओडी. कच्च्या मैलापाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास, चांगल्या केंद्रातून बाहेर पडताना १० किंवा कमी.

गोची लक्षात आली? तीन दिवस! रिपोर्ट येईपर्यंत ते पाणी कधीच समुद्रात पोचलेलं असतं. म्हणून आता ऑनलाइन सेन्सर बसवतात. ते पाण्यात प्रकाश टाकून बीओडीचा अंदाज लगेच देतात. अंदाजच हं, त्यामुळे बाटली सुटत नाही. आणि सेन्सर असतो केंद्राच्या दारात. जो नाला वस्तीतून थेट मिठी नदीत जातो, तो या दाराशी येतच नाही. मला विचाराल तर खरा प्रश्न तिथे आहे.

याच मैलापाण्याचा आणखी एक उपयोग आहे. पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, पण विषाणू शौचातून बाहेर पडतो. म्हणून मुंबईत २००१ पासून मैलापाण्याचे नमुने पोलिओसाठी तपासले जातात. एखादं मूल लुळं पडायची वाट न बघता विषाणू पकडता येतो. नोव्हेंबर २०१० मध्ये मूळचा, म्हणजे वाइल्ड पोलिओ विषाणू इथल्या नमुन्यात सापडला होता. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी नमुने घेणं थांबलेलं नाही.