शिप्रेकाठचा फेरा

उज्जैनच्या रामघाटावरून भल्या पहाटे सायकल निघाली की शहर लवकरच मागे पडते. शिप्रेच्या कडेकडेने उत्तरेकडे भर्तृहरीची गुंफा, गढकालिका, मग भैरवगढ. इथल्या छिपा कारागिरांचे ठशांचे कापड नावाजलेले. इथल्याच कालभैरवाला मद्याचा नैवेद्य आणि शिंदे घराण्याकडून पगडी.

पुढे शेतेच शेते. माळव्याची काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू-हरभरा. चढ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे साधी, बिनगिअरची सायकलही चालते. पहिला लांब थांबा कालियादेह महालाचा. पंधराव्या शतकात माळव्याच्या सुलतानाने नदीतल्या बेटावर तो बांधला आणि शिप्रेचे पाणी कुंडांतून खेळवले. पडझडीनंतर विसाव्या शतकात माधवराव शिंद्यांनी तो दुरुस्त केला. पावसाळा सरल्यावर जावे. कुंडांत तेव्हा पाणी असते.

परतताना सिद्धवट, मंगळनाथ आणि सांदीपनी आश्रम. शेवटी शहरातले गोपाळ मंदिर, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले. इतका फेरा सकाळच्या सायकलीला पुरे. उज्जैनची खरी प्रदक्षिणा, पंचक्रोशी, याहून मोठी: ११८ किलोमीटरची. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात हजारो खेडूत ती डोक्यावर गाठोडे घेऊन पायीच करतात.