थकलेले हप्ते आणि कर्जदाराचे हक्क

जांभोरीचा होन्या केंगले १८७३ पासून सावकारांवर तुटून पडला आणि १८७६ साली पकडला गेला, हे जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. त्याच सुमारास, १८७५ साली, भीमथडीतील सुपे येथे लोकांनी सावकारांची खतेच जाळली. जमीन जाते ती कागदाच्या वाटेने, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १८७९ साली पुणे, नगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतावरचा आकडा न्यायाधीशाने वेदवाक्य मानायचा नाही. मुद्दल किती, व्याज किती, हे मुळापासून तपासायचे. तो कायदा आज नाही. पण कर्ज माफ न करता ऋणकोला हिशेब आणि मुदत द्यायची, ही त्याची रीत टिकली आहे.

आज घर गहाण असते ते बहुधा बँकेकडे. चाकणच्या कारखान्यातले काम सुटले की मंचर-नारायणगावच्या कामगाराचे हप्ते थकतात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीतीकडे झुकलेले धरतात, आणि मग २००२ चा कायदा पुढे येतो. तो बँकांच्या सोयीसाठी केलेला आहे, यात आम्हांला शंका नाही. दावा न लावता तारण ताब्यात घेण्याची मुभा त्याने दिली. म्हणूनच त्यातल्या मुदती पाठ हव्यात.

प्रथम ६० दिवसांची लेखी नोटीस यावी लागते. तीत येणे रकमेचा तपशील हवा. आकडा पटला नाही तर लेखी हरकत घ्यावी. बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर दिलेच पाहिजे. पुष्कळजण नोटीस घेतच नाहीत किंवा देव्हाऱ्यामागे खोचून ठेवतात. त्याने काही टळत नाही; ती दारावर चिकटवता येते आणि दिवस मोजले जातातच.

ताबा घेतल्यास ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पूर्वी त्यासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा, अशी अट होती. एवढे पैसे गाठीशी असणारा हप्ता थकवील कशाला? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ती अट रद्द केली. पहिल्या लिलावापूर्वी आणखी ३० दिवसांची नोटीस लागते. सर्व येणे भरून घर सोडवायचे असेल तर मात्र लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी भरावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क तेवढाच उरला आहे.

वसुलीच्या माणसांनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. धमकी तर केव्हाही चालत नाही.

शेतजमिनीच्या तारणाला २००२ चा कायदा लागू नाही. पतसंस्थेची वाट निराळी: ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मागते. त्या चौकशीची तारीख लागली की खातेउतारा आणि भरलेल्या पावत्या घेऊन स्वतः हजर राहावे, कारण हिशेबावरची हरकत तेथेच नोंदवायची असते.