शिळ्या पावाची न्याहारी

रात्रीची पोळी उरली तर सकाळीं फोडणीची पोळी करावी, भात उरला तर फोडणीचा भात करावा, हें आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु पाव शिळा झाला कीं त्याचें काय करावें हें पुष्कळांस सुचत नाहीं, आणि तो बहुधा केराच्या टोपलींत जातो. आज मी ज्या न्याहारीविषयीं बोलणार आहें, ती अशा पावाचीच आहे. रविवारच्या निवांत सकाळीं करावयाचा हा फ्रेंच टोस्ट.

नांवावरून हा पदार्थ फ्रेंचांनीं शोधिला असावा असें वाटतें. पण एपिशियसच्या नांवानें चालत आलेल्या प्राचीन रोमन पाकग्रंथांत पावाचे तुकडे दुधांत भिजवून, तळून, वर मध ओतण्याची कृति दिली आहे. खुद्द फ्रेंच लोक या पदार्थास 'पँ पेर्दू', म्हणजे 'वाया गेलेला पाव', म्हणतात. वाया गेलेलें सोडविण्याची युक्ति त्या नांवांतच आहे.

पाव शिळा होणें म्हणजे केवळ सुकणें नव्हे. भाजतांना मऊ झालेलें पिठांतील पिष्ट थंड झाल्यावर हळूहळू पुन्हां ताठर होतें. म्हणून गुंडाळून ठेवलेला पावहि कडक होतो, आणि शीतकपाटांत तर तो अधिकच लवकर शिळा होतो. ताजा पाव दुधांत टाकला कीं त्याचा लगदा होतो. शिळा पाव दूध शोषूनहि आकार सोडीत नाहीं. तेव्हां या पदार्थाला शिळा पावच हवा.

मात्र शिळा निराळा आणि नासका निराळा. बुरशीचा एखादाच ठिपका दिसला, तरी तो पाव सगळा टाकावा. तेवढाच भाग कापून उपयोग नाहीं, कारण मऊ पावांत बुरशीचे तंतु न दिसतां खोलवर पसरलेले असतात.

आतां कृति. बोटाएवढ्या जाड ४ चकत्यांस २ अंडीं, सुमारें १२५ मिलिलिटर दूध, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि थोडें जायफळ पुरे. हें सर्व एकजीव फेंटून पसरट ताटलींत ओतावें. चकती प्रत्येक बाजूनें अर्धें मिनिट भिजवावी. पाव कापून आणलेला पातळ असेल, तर बुडवून लगेच काढावी. तव्यावर लोणी किंवा तूप घालून मंद आंचेवर प्रत्येक बाजू तीनएक मिनिटें, तांबूस होईतों, परतावी.

येथें घाई करूं नये. दूध मिसळलेलें अंडें घट्ट होण्यास नुसत्या अंड्यापेक्षां अधिक उष्णता लागते. आंच मोठी असली कीं साखर करपते आणि आंत ओलें मिश्रण तसेंच राहतें. मध्यभागीं बोटानें हलकेंच दाबून पाहावें. पाणी सुटलें नाहीं म्हणजे टोस्ट झाला.

ज्या घरीं अंडें चालत नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. रोमन कृतींत अंडें नाहींच! दूध, पाव, तूप आणि वर मध, एवढ्यावर तीहि न्याहारी उत्तम होते.

येत्या शनिवारीं रात्रीं पाव उरला, तर तो फेंकूं नका. सकाळच्या न्याहारीची निम्मी तयारी झालीच आहे असें समजा.